‘घरी ठेवा, भाव वाढेल’ म्हणणाऱ्याचं काय करायचं?

मागच्या अंकात एका वाचकानं विचारलं होतं की कापूस कधी विकू, युट्युबवरचा एक्सपर्ट म्हणते जानेवारीपर्यंत थांबा. मी एवढंच लिहिलं होतं की त्याचं ऐका, पण त्यानं सांगितलं म्हणून सगळा माल घरात कोंबून ठेवू नका, ज्याचं त्याचं देणं आहे तेवढ्यापुरता आधी विका अन् मग उरलेल्याचं काय ते पाहा. साधं उत्तर होतं बाप्पा. पण त्यावर पत्रं, व्हॉट्सअॅप अन् फोन इतके आले की संपादक म्हणाले या महिन्यात फेरफाराचे अन् पीकविम्याचे प्रश्न राहू द्या, याच्यावरच होऊन जाऊ द्या. गंमत अशी की अर्धे लोक म्हणतात हे एक्सपर्ट सरकारनं बंद करावे, अन् अर्धे म्हणतात सरकारनंच बाजारातून निघून जावं म्हणजे एक्सपर्ट आपोआप बरोबर ठरतील. पत्रं थोडी कापली, नावं काढली, भाषा ज्याची त्याची ठेवली.

प्रश्न: भाऊ, तुमचं उत्तर वाचलं अन् मले माझा २०२२ चा कापूस आठवला. दिवाळीनंतर आमच्याकडे नऊ हजाराच्या आसपास मांगत होते. मी रोज रातच्याले एका एक्सपर्टचे व्हिडिओ पाहो, तो म्हणे उत्पादन कमी हाय, बारा हजार होते, घाई करू नका. माय म्हणे इकून टाक. मी नाई आयकलं. समोरच्या खोलीत पाटीपर्यंत कापूस भरला, आमी समदे सपरीत झोपो. उनाळा लागला तसे कापसात बारीक किडे झाले, लेकराईच्या आंगाले खाज सुटली, लाल चट्टे. डॉक्टर म्हणे आधी कापूस काढा मंग गोळ्या खा. शेवटी जूनात सात हजारानं देला. चाळीस क्विंटल होता, हिशोब तुमीच करा. तो एक्सपर्ट आताबी व्हिडिओ टाकून राहिला. अशा माणसावर सरकार केस काहून नाही करत?
– एक कास्तकार, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर: हिशोब केला भाऊ. क्विंटलमागं दोन हजार म्हणजे ऐंशी हजार सरळ, वरून सहा महिन्यांत कापूस सुकून वजन घटलं ते वेगळं, सोसायटीचं कर्ज थकलं असेल तर त्याचं व्याज वेगळं, अन् लेकरांच्या मलमाचे पैसे तर कोणी धरतच नाही. ती खाज मला माहीत आहे, त्या उन्हाळ्यात आमच्या गावातही ज्यांच्या घरी कापूस होता त्यांची पोरं ओळखू यायची, शाळेत बसल्या बसल्या दंड खाजवत राहायची.

आता त्या माणसाचं काय चुकलं ते पाहू, कारण तो अगदीच बयताड नव्हता. आदल्या हंगामात, म्हणजे २०२१-२२ मध्ये, कापूस दहा हजाराच्या वर गेला हे आपण सगळ्यांनी डोळ्यानं पाहिलं. ज्यांनी दसऱ्याला विकला ते वर्षभर पस्तावले. अशा पस्तावलेल्या माणसाला पुढच्या वर्षी ‘थांबा’ म्हणणारा कोणीही गोडच लागते. पण तो ‘थांबा’ म्हणत होता तेव्हा जगाचा भाव उतरून बसला होता. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे आजच होतात तिथं, कापूस पाउंडाला दीड डॉलरच्या आसपास गेला होता, तो त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास एका डॉलरच्याही खाली आला. सूत कोणी मागत नव्हतं, गिरण्या पूर्ण चालत नव्हत्या. त्यानं फक्त पीक किती आलं ते पाहिलं, घेणारा कोण आहे ते पाहिलंच नाही. हमीभाव तेव्हा लांब धाग्याला ६,३८० होता, बाजार त्याच्या वरच होता, म्हणून सरकारी खरेदीचा प्रश्नच आला नाही. म्हणजे त्या वर्षी तुमचं नुकसान हमीभावाच्या खाली विकल्यामुळे नाही झालं, आशेच्या खाली विकल्यामुळे झालं. हे ऐकायला बरं नाही वाटत, मला माहीत आहे.

केसचं म्हणाल तर अंदाज चुकणं हा काही गुन्हा नाही, नाहीतर हवामान खातं, कृषी विद्यापीठ अन् तुमचा हा सदर लिहिणारा, सगळे एकाच कोठडीत बसू. हजर बाजारातल्या कापसाचा भाव काय होईल हे सांगायला कोणतंच लायसन लागत नाही, पानठेल्यावर उभा राहून कोणीही सांगू शकते अन् सांगतेच. मात्र त्यानं कोणाकडून पैसे घेऊन ‘थांबा’ सांगितलं असेल, किंवा तुमच्याकडून फी घेऊन नक्की भाव देतो म्हटलं असेल, तर ती फसवणूक झाली, मग पोलीस स्टेशन आहे. एवढा फरक लक्षात ठेवा.

अन् मी काही धुतल्या तांदळाचा नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजाराच्या घरात गेलं होतं ते आठवते का? माझ्याकडे आदल्या सालचे चौदा कट्टे पडून होते. मी बँकेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस, रोज पेपर वाचणारा, वर माझ्या साळ्यालाही सल्ला दिला की अकरा होऊ दे, मग काढू. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, तीही जीएम म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची, जे आपल्या शेतात पेरायला बंदी आहे. कोंबडीवाल्यांना खाद्य महाग पडत होतं, त्यांचंही खोटं नव्हतं. पाठोपाठ नवीन माल आला अन् भाव पाच-सहा हजारावर येऊन बसला. साळा अजूनही लग्नकार्यात भेटला की सगळ्यांसमोर विचारते, ‘जिजाजी, अकरा झाले का?’

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. कोणी भाव सांगितला की मी घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवतो, कोण म्हणाला, किती म्हणाला अन् केव्हापर्यंत. दोन महिन्यांनी पान उलटून पाहतो. जो माणूस तारीख सांगतच नाही, नुसतं ‘पुढं तेजी आहे’ म्हणते, त्याचं नाव खोडून टाकतो, कारण पुढं केव्हातरी तेजी येतेच, पाऊस येते तशी. तुम्हीही करून पाहा, पाच रुपयांचा पेन लागते.

हेच काम अमेरिकेत फिलिप टेटलॉक नावाच्या प्राध्यापकानं वीसेक वर्षं केलं. २८४ जाणकारांचे राजकारण अन् अर्थकारणावरचे हजारो अंदाज लिहून ठेवले अन् मग काय झालं ते तपासलं. एकूणात ही मंडळी डोळे मिटून बाण मारणाऱ्यापेक्षा फार पुढं नव्हती, अन् ज्यांना टीव्हीवर जास्त बोलावत ते तर उलट जास्त चुकलेले निघाले. टीव्हीवाल्याला ‘असंही होऊ शकते अन् तसंही’ म्हणणारा माणूस नकोच असते ना. आपल्यालाही नको असते, खरं सांगायचं तर.

मोठमोठे लोकही असेच आहेत, फक्त आपल्या एक्सपर्टला सूट-टाय नसते. नोव्हेंबर २००८ मध्ये इंग्लंडची राणी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेली होती, बाबासाहेबांनी जिथं रुपयाच्या प्रश्नावर अभ्यास करून पदवी घेतली तीच संस्था, अन् तिनं तिथल्या प्राध्यापकांना विचारलं की जगावर एवढं मोठं आर्थिक संकट येत होतं तर कोणालाच कसं दिसलं नाही? विद्वान लोकांना धड उत्तर देता आलं नाही. आपल्याकडं २०१८ मध्ये रस्ते-पुलांच्या कामांना पैसा पुरवणारी आयएलअँडएफएस कंपनी बुडाली, तिच्या कर्जाच्या कागदाला रेटिंगवाल्या, म्हणजे कर्ज बुडणार नाही ना याचे गुण देणाऱ्या, एजन्सींनी थोडेच दिवस आधीपर्यंत सगळ्यात वरचा दर्जा दिलेला होता. अन् ते रेटिंग ज्या कंपनीचं असते तीच कंपनी त्याची फी भरते, हे बहुतेकांना माहीत नसते. म्हणजे मापाऱ्याची मजुरी व्यापाऱ्यानं द्यायची अन् काटा बरोबर आहे का हे मापाऱ्यानंच सांगायचं.

प्रश्न: सर मी इंजिनियरिंग करून गावी आलो आहे, जॉब नाही. टेलिग्रामवर एक ग्रुप जॉइन केला, ऑप्शनचे कॉल देतात, पहिले आठ दिवस प्रॉफिट झाला. मग बाबांच्या सोयाबीनच्या चुकाऱ्यातले पैसे टाकले ते सगळे गेले. बाबांना अजून सांगितलं नाही. ग्रुपवाला म्हणतो तो सेबी रजिस्टर्ड आहे, नंबर मागितला तर रिमूव्ह केलं. पैसे रिकव्हर करायला अजून थोडे टाकू का?
– एक तरुण, ता. दिग्रस

उत्तर: नाही. एक रुपया नाही.

आधी बाबांना सांग. आज संध्याकाळी, जेवण झाल्यावर, मोबाईल बाजूला ठेवून. ते चिडतील, बोलतील, पण हे त्यांना तुझ्याकडून समजलं पाहिजे, सावकार दारात आल्यावर नाही.

आता धंद्याचं ऐक. सेबी म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था, तिनं स्वतः तपासून सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावर पैसे लावायच्या सौद्यांत, उतरलेल्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, अन् सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. शंभरातले सात जण कमावतात, अन् ते सात जण टेलिग्रामवर ग्रुप काढून दिग्रसच्या पोराला फुकट कॉल देत बसत नाहीत. पहिले आठ दिवसांचा प्रॉफिट म्हणशील तर गळाला आधी गांडूळच लावावं लागते.

सेबीचा रजिस्टर्ड सल्लागार असला तर त्याचा नंबर आयएनए या अक्षरांनी सुरू होते, रिसर्च अॅनालिस्ट असला तर आयएनएच नं. नंबर सांगितला म्हणजे झालं असंही नाही, दुसऱ्याचा नंबर छापणारेही आहेत, सेबीच्या वेबसाइटवर नाव अन् नंबर दोन्ही जुळवून पाहायचे. ‘मी फक्त शिकवतो, सल्ला देत नाही’ म्हणणाऱ्यांसाठीही जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं नियम घट्ट केला, शिकवायला भाव वापरायचे तर तीन महिने जुने वापरायचे असं तेव्हा ठरलं, आजचा चालू भाव दाखवून शिकवलं तर ते शिकवणं धरत नाही. अन् रजिस्टर्ड आहे याचा अर्थ त्याचा कॉल बरोबर येईल असा नाही रे. एवढाच अर्थ की तो कोण आहे, कुठं बसते हे सरकारला माहीत आहे, तक्रार कोणावर करायची ते तुला माहीत आहे. पेट्रोलपंपावर लिहिलेलं असते ना की माप तपासलेलं आहे, तुझी गाडी पोचेलच असं कुठं लिहिलेलं असते?

पैसे कोणाच्या खात्यावर पाठवलेस ते पाहा. तुझ्याच डीमॅटमध्ये ट्रेड होऊन गेले असतील तर ते बाजारात गेले, परत येणार नाहीत. पण त्याच्या खात्यात किंवा त्यानं दिलेल्या कोणत्या अॅपमध्ये टाकले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन कर, चॅटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नको. जेवढा उशीर तेवढे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळतात.

प्रश्न: आपण दरवेळी शेतकऱ्याला शहाणपण शिकवता पण मुख्य गुन्हेगाराला सोडून देता. तज्ज्ञांचे अंदाज चुकतात कारण सरकार मध्येच लुडबूड करते. आयात, निर्यातबंदी, वायदेबंदी, साठ्यावर मर्यादा. शासनाने बाजारातून पूर्णपणे बाहेर पडावे, भाव आपोआप योग्य मिळेल. मी तीस वर्षे शिक्षक होतो व घरची शेतीही पाहिली आहे.
– एक निवृत्त शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर: गुरुजी, तुमचं अर्धं पत्र मी सही करून स्वतःच्या नावावर पाठवायला तयार आहे.

२० डिसेंबर २०२१ ला सेबीनं सात शेतमालांचे वायदे बंद केले, त्यात सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी, मूग, बिनबासमती धान अन् कच्चं पामतेल होतं. म्हटलं एक वर्षापुरतं, अन् मग मुदत वाढवत वाढवत नेली. आता वायदे बाजारात सट्टा चालते हे खरं, पण आपल्या वाशीम-कारंज्याच्या बाजारात सोयाबीन घेऊन बसलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांनी भाव कुठं असेल याचा एक तरी आकडा तिथं दिसत होता, लोकांनी स्वतःचे पैसे लावून ठरवलेला. तो फळा पुसला अन् जागा रिकामी झाली तिथं व्हिडिओवाले येऊन बसले. सरकारनं बंद केला आकडा अन् धंदा वाढला अंदाजाचा. हे कोणी फारसं बोलत नाही.

कापसाचंच पाहा. बाहेरून येणाऱ्या कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून मिळून ११ टक्के आयात शुल्क होतं. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी काढलं. १९ ऑगस्ट २०२५ ला परत काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेच्या टॅरिफनं कापडवाल्यांचे हाल होते हे मान्य, गिरण्या बंद पडल्या तर कापूस घेईल कोण, तेही मान्य. पण १९ ऑगस्टला आपली पऱ्हाटी कुठं होती गुरुजी? पात्या-फुलांवर होती. बियाणं, खत, डवरणी, फवारणी, सगळा खर्च होऊन बसला होता. जूनमध्ये ज्यानं ११ टक्के शुल्क धरून दोन एकर जास्त कपाशी लावली त्यानं कोणत्या एक्सपर्टला विचारायला पाहिजे होतं? कबड्डीत पंचानंच चढाई टाकली तर कोचनं काय शिकवावं?

पण तुमचं दुसरं अर्धं मला नाही पटत, अन् त्याचं कारण तुम्हीही पाहिलेलं आहे. सरकार पूर्ण बाजारात होतं तो काळ आपण भोगला. १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी आली, कापूस राज्याच्याच यंत्रणेला द्यायचा, दुसऱ्या कोणाला नाही, राज्याबाहेर न्यायचा तर चोरून. माझे बाबा बंडीत कापूस भरून निघायचे, मी वर बसायचो, खरेदी केंद्राच्या बाहेर बंड्यांची ओळ मैलभर, दोन-दोन रात्री तिथंच. बैलांना कडबा घरून बांधून न्यायचा, कापसात पाय खुपसून झोपायचं, थंडीत त्याच्यासारखी गादी नाही. बाबा म्हणायचे भाव कमी-जास्त असो, पण व्यापाऱ्यासमोर हात नाही जोडावे लागत. अन् तेच बाबा पुढं चुकाऱ्याच्या पुढच्या हप्त्याची वाट पाहता पाहता त्याच सरकारला शिव्याही द्यायचे. दोन्ही वेळा ते मनापासूनच बोलत होते. पुढं ती योजना तोट्यात जात जात मोडली.

अन् सरकार बाजारात नसते तर काय होते ते २०२५-२६ च्या हंगामातच पाहा ना. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ होता, खाजगीत किती मिळत होते तुम्हाला सांगायला नको. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० होता, खाजगी व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होता. हमीभावानं खरेदी करणारी सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, नसती तर त्यानं आणखी खाली मागितला असता. हां, आता सीसीआयकडं जायचं तर मोबाईल अॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा पाहिजे, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात अन् १२ च्या वर गेला की बंडी परत, अन् त्या वर्षीच्या पावसात ओलावा किती असणार. ज्याची पहिली वेचणी ओली, तो व्यापाऱ्याच्याच दारात. म्हणजे हमी आहे पण ती कोरड्या कापसाला आहे.

सरकारी तज्ज्ञांचं आणखी एक सांगतो, तुम्ही तेव्हा नोकरीत असाल. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत, त्याच्या वर असेल तर ७५ टक्के भरा मग २५ टक्के सूट. दिल्लीत बसून हिशोब बरोबरच दिसत असेल, मोठा शेतकरी वगळला म्हणून. पण दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. पश्चिम महाराष्ट्रात ओलिताचे पाच एकर अन् आपल्याकडं मुरमाड कोरडवाहू सात एकर, यांतला मोठा शेतकरी कोणता? दोन वर्षांआधीच, १ जुलै २००६ ला, पंतप्रधान स्वतः विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज देऊन गेले होते, म्हणजे इथलं दुःख दिल्लीला माहीत नव्हतं असंही नाही. मी तेव्हा बँकेच्या काउंटरवर होतो. यादी लागली तेव्हा सात एकरवाला एक माणूस माझ्यासमोर येऊन शांतपणे म्हणाला, ‘साहेब, दोन एकर कमी असते तर बरं झालं असतं का?’ मी काय सांगणार.

म्हणून मी मागतो ते एवढंच की आयात-निर्यातीचं, शुल्काचं, साठ्याचं जे काय करायचं ते सरकारनं पेरणीच्या आधी सांगावं अन् हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये. भाव पडला तर खरेदीला उभं राहावं. अन् खोट्या सल्ल्याला पकडावं. कोणता भाव होईल हे मात्र सरकारनंही सांगू नये. यात तुमचा मुक्त बाजार पूर्ण बसत नाही अन् आमच्या बाबांची बंडीही बसत नाही, याची मला कल्पना आहे.

प्रश्न: दादा, आमच्या बचत गटाकडे एक सर येतात, टाय घालून, लॅपटॉप घेऊन. ते म्हणतात मल्टीस्टेट सोसायटीत पैसे ठेवा, चार वर्षांत दुप्पट. केंद्र सरकारचं रजिस्ट्रेशन आहे म्हणून सर्टिफिकेट दाखवलं, त्यावर अशोकस्तंभ आहे. गटातल्या सहा जणी तयार आहेत. ते सर आमच्याच गावच्या जावयाचे मित्र आहेत. काय करू?
– बचत गटाच्या अध्यक्ष, ता. मूर्तिजापूर

उत्तर: ताई, जावयाचे मित्र आहेत म्हणूनच जास्त सांभाळून. अनोळखी माणसाला आपण दहा प्रश्न विचारतो, जावयाच्या मित्राला चहा विचारतो.

पोस्टातलं किसान विकास पत्र तुम्हाला माहीत असेल. सरकार स्वतः पैसे घेते, तेही एप्रिल २०२३ पासूनच्या दरानं दुप्पट करायला ११५ महिने लावते, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. आता ज्याच्याकडं नोटा छापायची मशीन आहे त्याला साडेनऊ वर्षं लागतात अन् या टायवाल्याला चार? चार वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला अठरा-एकोणीस टक्के. तुम्हाला तेवढे द्यायचे तर तो कोणाकडून तरी बावीस-चोवीस घेत असला पाहिजे, असा कोण घेते ते त्याला विचारा.

रजिस्ट्रेशन खरं असू शकते. मल्टीस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या, सोसायटीची नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडं होते, पण ती नोंदणी म्हणजे तुमच्या ठेवीची हमी नाही. बैलाचा दाखला खरा असला म्हणून बैल मारका नसते असं थोडीच आहे. बँक बुडाली तर एका माणसाला एका बँकेतल्या ५ लाखांपर्यंत ठेवीचा विमा आहे, २०२० च्या फेब्रुवारीपासून, आधी १ लाखच होता. तो विमा बँकेला आहे, अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेलाही आहे, पण पतसंस्थेला अन् क्रेडिट सोसायटीला नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरात काय लिहिलं ते पाहू नका, ‘बँक’ हा शब्द आहे की नाही ते पाहा, अन् असला तरी त्यांना विचारा की ठेव विमा आहे का, लेखी द्या.

कायदे आहेत हो. राज्याचा ठेवीदार संरक्षणाचा कायदा १९९९ चा आहे, केंद्राचा बेकायदा ठेव योजनांवर बंदीचा २०१९ चा आहे. पण कायद्याचं कसं आहे, तो बुडाल्यावर मालमत्ता जप्त करते, मग लिलाव, मग कोर्ट, मग यादी, अन् तुमच्या गटातली सत्तरीची आजी तोपर्यंत वाट पाहत बसते. रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ नावाचं पोर्टल आहे, तिथं कोणाला ठेवी घ्यायची परवानगी आहे ते पाहता येते अन् तक्रारही टाकता येते. गावातल्या एखाद्या पोट्ट्याला बसवा अन् त्या सरांच्या समोरच उघडा. त्यांनी चहा अर्धा टाकून उठायची घाई केली तर मला कळवा.

प्रश्न: एवढं सगळं लिहून राहिले तर तुम्ही तरी कोणते खरे? तुम्हीही एक्सपर्टच झाले न बा. अन् शेवटी सांगा, जानेवारीत कापूस काय राहील?
– एक म्हातारा वाचक, दर्यापूर

उत्तर: काकाजी, हा प्रश्न सगळ्यात आधी घ्यायला पाहिजे होता, पत्र उशिरा आलं.

मला या सदराचे महिन्याला थोडे पैसे मिळतात, तुम्ही कापूस केव्हाही विकला तरी तेवढेच मिळतात. कोणत्या कंपनीचं, व्यापाऱ्याचं, म्युच्युअल फंडाचं कमिशन नाही. पेन्शन आहे, म्हणून माझा अंदाज चुकला तरी माझी चूल पेटते, तुमची पेटेल का ते तुम्ही पाहायचं, अन् माझं लिहिणं वाचताना हे एक डोक्यात ठेवायचं. पैसा कसा फिरते, व्याज कसं लागते, कागदावर काय लिहिलं आहे, हे मी सांगू शकतो, त्यात बत्तीस वर्षं गेली. उद्याचा भाव मला नाही सांगता येत, सोयाबीनचे चौदा कट्टे साक्षीला आहेत.

जानेवारीचं म्हणाल तर बाहेरच्या कापसावर शुल्क लागते की सूट मिळते त्यावर बरंच आहे, अन् ते माझ्या कॅलेंडरवर नाही, दिल्लीच्या कॅलेंडरवर आहे. माझा यंदा चार एकरांत सतरा क्विंटल झाला. दहा दिला, त्यात सोसायटीचं अन् दुकानदाराचं निपटलं. सात ठेवला आहे, मागच्या टिनाखाली, झोपायच्या खोलीत नाही. बायको रोज सकाळी त्यात हात घालून पाहते अन् मग माझ्याकडे पाहते.